रेषा तुटते तिथे बोट ठेवताना

वीज तयार होते चंद्रपूरच्या कोळशावर आणि तिची भूक आहे मुंबई-ठाण्याला. मधले अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटरचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या अंतरासाठी एक खास लाइन उभी राहिली : चंद्रपूर ते भिवंडी तालुक्यातले पडघे, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॅट. नेहमीच्या लाइनीतला प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो. या लाइनीतून मात्र एकाच दिशेने वाहणारा डीसी जातो. टॉवरकडे मान वर करून पाहिले तरी फरक कळतो. एसी लाइनीवर तारांचे तीन किंवा सहा संच असतात, या लाइनीवर दोनच.

पूर्ण भार असताना तिच्या प्रत्येक ध्रुवातून १,५०० अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठते. ही ऊर्जा तारेच्या धातूत नसते, तारेभोवतीच्या मोकळ्या जागेत असते. दर किलोमीटरला एक मिलिहेन्री असा ढोबळ हिशेब धरला, तर एका ध्रुवाभोवती आठ लाख ज्यूल सहज भरतात. आता हा प्रवाह अचानक तोडायचा ठरवले, तर ही ऊर्जा जाणार कुठे? ती प्रवाहाला थांबू देत नाही. तुटलेल्या जागी व्होल्टेज चढत जाते, हवा दगा देते आणि आर्क पडतो. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा आपणहून शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकरला आर्क विझवायला शंभर संधी मिळतात. डीसीला अशी एकही संधी नसते.

हा प्रश्न आपल्याआधी स्वीडनपुढे आला होता. तिथे पाण्याची वीज उत्तरेला, कारखाने दक्षिणेला आणि मध्ये हजारेक किलोमीटर. आसेआ कंपनीचे ऊनो लाम यांनी एसीचे डीसी करण्यासाठी पाऱ्याच्या वाफेत आर्क पाडणारे व्हॉल्व्ह विकसित केले, आणि १९५४ साली मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंतची समुद्राखालची डीसी केबल त्यांच्यावर सुरू झाली. एरवी हे व्हॉल्व्ह नीट चालत. पण कधीमधी वाफेतला प्रवाह एकाएकी कोंडे, व्होल्टेज भलतेच चढे आणि स्टेशनभर ठिणग्या उडून मोठे नुकसान होई. कारण शोधण्यासाठी अभियंत्यांनी स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या प्लाझ्माच्या अभ्यासकांना हाताशी घेतले. हान्नेस आल्फव्हेन याच संस्थेतले. १९६७ साली त्यांनी पेर कार्लक्विस्ट यांच्याबरोबर एक विलक्षण विचार मांडला : सूर्यावर ज्वाला उसळते तेव्हाही हेच होत असले पाहिजे. सूर्याच्या वातावरणातला प्रचंड प्रवाह कुठेतरी कोंडतो आणि भोवतीच्या क्षेत्रातली सगळी ऊर्जा त्या एका जागी धावून येते.

चंद्रपूर-पडघे लाइनीत पारा नाही, सिलिकॉनचे थायरिस्टर आहेत. पण ही स्टेशने उभारणाऱ्यांत बीएचईएलबरोबर जी एबीबी कंपनी होती, ती त्याच आसेआची वारसदार. म्हणून सूर्यावरच्या स्फोटाचा विषय चंद्रपूरच्या टॉवरखालून सुरू करणे मला ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही. प्रश्न खरोखरच एक आहे : चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा झटक्यात मोकळी कशी होते? आकाशात हे ज्या प्रक्रियेने घडते तिला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. गेली काही दशके ही प्रक्रिया खोलीत मावेल एवढ्या टाकीत घडवून, तिच्या मधोमध मोजमापाची कांडी घालून तपासली जात आहे. ते कसे करतात, हे सावकाश पाहू.

आधी प्लाझ्मा. वायू इतका तापला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागे धनभारित आयन उरतात, या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत तो दुर्मीळ नाही. मृगाच्या आधी गडचिरोलीच्या जंगलावर कडाडणारी वीज म्हणजे क्षणभराचा प्लाझ्मा. चंद्रपूरच्या फेरो अलॉय कारखान्यात, ज्याला जुनी माणसे अजून एमईएल म्हणतात, मँगनीजच्या खनिजाखाली गाडलेल्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी जळणारा आर्क हाही प्लाझ्माच. आयन आणि इलेक्ट्रॉन दोघेही भारित असल्यामुळे प्लाझ्मातून वीज वाहते, आणि वीज वाहते म्हणून चुंबकीय क्षेत्राशी त्याचे घट्ट नाते जुळते.

हे नाते किती घट्ट, हे १९४० च्या दशकात आल्फव्हेन यांनीच सांगितले. प्लाझ्माला विजेचा रोध जवळजवळ नसेल, तर चुंबकीय बलरेषा त्यात गोठून बसल्यासारख्या वागतात. प्लाझ्मा सरकला की रेषा त्याच्याबरोबर सरकतात, प्लाझ्मा पिळला गेला की त्याही पिळल्या जातात. एका रेषेवर असलेले दोन कण कायम त्याच रेषेवर राहतात. याचा अर्थ असा की रेषा ताणता येतात, वाकवता येतात, त्यांच्यात ऊर्जा भरता येते, पण त्यांची जोडणी बदलता येत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाखाली प्लाझ्मा सतत घुसळत असतो आणि वरच्या रेषांना पीळ देत असतो. आल्फव्हेन यांचा नियम अक्षरशः खरा असता, तर हा पीळ कधी सुटलाच नसता आणि सूर्यावर ज्वाला दिसल्याच नसत्या.

पण त्या दिसतात. भारताच्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुका संस्थेने घडवलेली सूट ही दुर्बीण आहे. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी उसळलेली एक अतिशय जोरकस ज्वाला तिने टिपली. म्हणजे कुठेतरी नियम मोडतो. तो कुठे मोडतो, याचे चित्र असे. दोन प्रदेश शेजारी आहेत. एकातल्या रेषा उत्तरेकडे, दुसऱ्यातल्या दक्षिणेकडे. प्लाझ्मा दोन्हीकडून त्यांना मधल्या सीमेवर दाबतो. क्षेत्राची दिशा थोड्याशा जाडीत पूर्ण उलटत असेल तर त्या जाडीत विद्युतप्रवाह वाहायलाच हवा. तेव्हा सीमेवर प्रवाहाचा एक पातळ पडदा तयार होतो. दाब वाढत गेला की पडदा पातळ होत जातो, आणि एका टप्प्याला इतका पातळ होतो की त्याच्या आत रेषा प्लाझ्माला धरून राहू शकत नाहीत. तिथे उत्तरेची रेषा आणि दक्षिणेची रेषा एकमेकींना छेदून फुलीचा आकार घेतात, आणि जोडणी बदलते. अलीकडची अर्धी रेषा पलीकडच्या अर्ध्या रेषेला जुळते. नव्या रेषा मधोमध तीव्र वाकलेल्या असतात. ताण असल्यामुळे त्या सरळ होऊ पाहतात आणि सरळ होताना आपल्यातला प्लाझ्मा दोन्ही बाजूंना भिरकावून देतात. साठलेली चुंबकीय ऊर्जा अशी कणांच्या वेगात आणि उष्णतेत उतरते.

हे पृथ्वीच्या दारातही घडते. सूर्याकडून वाहत येणाऱ्या प्लाझ्मातले क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी नेमके विरुद्ध पडते. जेम्स डन्जी यांनी १९६१ साली दाखवले की अशा वेळी पृथ्वीचे चुंबकीय कवच दिवसाच्या बाजूने उघडते आणि सौर वाऱ्याची ऊर्जा आत शिरते. त्यातून चुंबकीय वादळे येतात. यातल्या सर्वांत नावाजलेल्या वादळाची दुर्मीळ नोंद महाराष्ट्रात झाली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक पांढरी ज्वाला दिसली. त्यानंतर अठरा तासही उलटले नव्हते तोच मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकाची सुई ढासळू लागली. तिथे तेव्हा माणसे डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवत. त्या नोंदींनुसार क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळला, म्हणजे कुलाब्याच्या नेहमीच्या मूल्याच्या जवळपास चार टक्क्यांनी. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या जुन्या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामुळे १८५९ च्या वादळाचा जोर किती होता हे जगाला मोजून सांगता आले. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या डीसी प्रवाहाने सुया बिघडू नयेत म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागला हलवली, आणि तिथे ती आजही चालू आहे. चुंबकत्वाच्या नोंदी अशा दीर्घकाळ, चिकाटीने ठेवणाऱ्या माणसांचे ऋण आपण पुरेसे मानत नाही असे मला वाटते.

तरी कुलाब्याची सुई सांगते ते परिणामाविषयी. पुनर्जोडणी झाली ती सुईपासून हजारो किलोमीटर वर. ज्वालेच्या छायाचित्रातही आपल्याला दिसतो तो पेटलेला प्लाझ्मा, ती फुली नाही. आणि सगळा गुंता तर फुलीतच आहे.

गुंता वेगाचा आहे. १९५६ साली स्टॉकहोमजवळच्या एका परिषदेत पीटर स्वीट यांनी या पडद्याचे गणित मांडले. तिथे हजर असलेल्या यूजीन पार्कर यांनी ते पुढे नेले आणि १९५७ साली पडद्यातून पुनर्जोडणी किती वेगाने होईल याचे सूत्र दिले. ते समजायला फार गणित लागत नाही. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेतली गर्दी डोळ्यांपुढे आणा. लोक लांबच्या लांब आघाडीने गाभाऱ्याकडे सरकत आहेत, पण बाहेर पडायचे दार अरुंद आहे. दारातून माणसे कितीही झपाट्याने काढली तरी मागच्या गर्दीला पुढे सरकता येते ते दाराच्या रुंदीच्या हिशेबानेच. पडद्याची लांबी म्हणजे गर्दीची आघाडी, पडद्याची जाडी म्हणजे दार. प्लाझ्मा दोन्ही सपाट बाजूंनी लांबीभर आत येतो आणि जाडीएवढ्या फटीतून टोकांना बाहेर पडतो. बाहेर पडण्याचा वेग ठरलेला आहे. त्याला आल्फव्हेन वेग म्हणतात आणि तो क्षेत्र व घनता यांवरून निघतो. जाडी मात्र रोधावर अवलंबून असते : रोध जितका कमी तितका पडदा पातळ.

सूर्याच्या प्रभामंडलात रोध नगण्य आहे. तिथे या सूत्राने पडद्याची लांबी जाडीच्या दहा लाख पट किंवा त्याहून जास्त निघते. बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला हजार किलोमीटर धरला, तर आत येण्याचा वेग होतो सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही संथ. दहा हजार किलोमीटर रुंदीच्या प्रदेशातली ऊर्जा या वेगाने मोकळी व्हायला जवळपास चार महिने लागतील. प्रत्यक्षात ज्वाला काही मिनिटांत भडकते. एखाददुसऱ्या टक्क्याची ही चूक नव्हे. गणित आणि आकाश यांच्यात हजारो पटींची फारकत आहे. १९६० च्या दशकात हॅरी पेत्चेक यांनी सुचवले की पडदा लांबलचक नसून अगदी आखूड असेल आणि त्याच्या टोकांपासून फट रुंदावत जात असेल, तर वेग पुष्कळ वाढतो. कल्पना सुंदर होती. पण साधा, सगळीकडे सारखा रोध धरून संगणकावर पाहिले की पडदा आखूड राहीना, पुन्हा लांबू लागे. वाद कागदावर सुटणारा नव्हता. पडद्याच्या आत शिरून मोजणे भाग होते.

प्रयत्न आधीपासून होत होते. १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रायनर स्टेन्झेल आणि वॉल्टर गेकेलमन यांनी लांब नळकांड्यातल्या प्लाझ्मात प्रवाहाचे पडदे तयार करून बारकाईने मोजले. टोकियोत यासुशी ओनो आणि सहकाऱ्यांनी प्लाझ्माची दोन गोल वेटोळी एकमेकांवर सोडली, आणि ती मिसळताना आयन कसे तापतात ते दाखवले. पण या एकाच प्रश्नासाठी बेतलेले आणि सर्वांत जास्त काळ चाललेले यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन प्लाझ्मा भौतिकी प्रयोगशाळेतले एमआरएक्स. मासाआकी यामादा यांच्या नेतृत्वाखाली ते १९९५ साली सुरू झाले. त्याचा एक प्रयोग जवळून पाहू.

दीड मीटर व्यासाची धातूची नळकांडी टाकी. आत समोरासमोर दोन जाड कडी बसवलेली, प्रत्येक सुमारे पाऊण मीटर व्यासाचे. कड्यांच्या पोटात तारांची वेटोळी आहेत, आणि ती दोन तऱ्हांची आहेत. काही तारा कड्याच्या परिघाबरोबर लांबीने फिरतात, काही कड्याच्या अंगाभोवती गुंडाळलेल्या आहेत. टाकीतली हवा पंपाने काढून टाकतात आणि हायड्रोजनसारखा हलका वायू अगदी थोडा सोडतात. बाहेर कपॅसिटरच्या रांगा भरून तयार असतात.

पहिली कळ दाबली की कपॅसिटरचा एक संच परिघाच्या तारांतून रिता होतो. दोन्ही कड्यांतले प्रवाह एकाच दिशेने वाहतात, त्यामुळे प्रत्येक कड्याजवळच्या रेषा त्या कड्याभोवतीच फिरतात आणि दूरच्या रेषा दोन्ही कड्यांना मिळून वेढा घालतात. या दोन कुळांच्या मधोमध, दोन्ही कड्यांपासून सारख्या अंतरावर, रेषांची फुली आपोआप पडते. दुसऱ्या कळीने अंगाभोवतीच्या तारांत झटका जातो. त्याच्या बदलत्या क्षेत्रामुळे कड्यांभोवती विद्युतक्षेत्र उभे राहते आणि वायूतले इलेक्ट्रॉन त्यात पळू लागतात, अणूंवर आदळतात, आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. काही मायक्रोसेकंदांत वायूचा प्लाझ्मा होतो. तापमान लाखभर अंशांच्या घरात, घनता आपल्या हवेपेक्षा काही लाख पट विरळ.

आता मुख्य काम. परिघाच्या तारांतला प्रवाह कमी करत नेतात. प्रवाह उतरला की दोन्ही कड्यांना मिळून वेढणाऱ्या रेषा आत ओढल्या जातात. वरची आणि खालची बाजू मधल्या फुलीवर येऊन भिडते. त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध, त्यामुळे तिथे प्रवाहाचा पडदा तयार होतो. पडद्यात रेषा तुटून जुळतात आणि बाहेर पडतात त्या एकेका कड्याभोवतीच्या रेषा होऊन. प्रवाह वाढवत नेला तर हेच उलट दिशेने घडते. म्हणजे रेषा ओढायच्या की ढकलायच्या, हे प्रयोग करणाऱ्याच्या हातात असते. सगळा खेळ एका मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. कपॅसिटर पुन्हा भरायचे, वायू पुन्हा सोडायचा, पुन्हा तेच. दिवसभरात असे अनेक प्रयोग एकसारखे करता येतात. सूर्य ही सवलत देत नाही.

मोजमाप कांडीने होते. लाखभर अंशांच्या प्लाझ्मात कांडी वितळत कशी नाही? प्लाझ्मा इतका विरळ आणि त्याचे आयुष्य इतके अल्प असते की कांडीला एकूण उष्णता फार थोडी पोचते. बारीक नळीत केसासारख्या तारेची काही मिलिमीटरची वेटोळी ओळीने बसवलेली असतात. क्षेत्र बदलले की वेटोळ्यात व्होल्टेज उपजते, आणि वेळेनुसार त्याची बेरीज केली की त्या जागचे क्षेत्र मिळते. अशी अनेक वेटोळी एकाच वेळी वाचली की पडद्याचा आडवा छेद समोर उभा राहतो : क्षेत्र कुठे उलटते, पडदा किती जाड आहे, प्रवाह किती वाहतो. पडद्यातले विद्युतक्षेत्रही रेषा बदलण्याच्या गतीवरून काढता येते. आणि प्रवाह गुणिले विद्युतक्षेत्र म्हणजे त्या जागी मोकळी होणारी शक्ती. वीज केंद्रातला माणूस व्होल्ट गुणिले अँपिअर करतो, तोच हा हिशेब.

इथे आल्फव्हेन यांचा उल्लेख पुन्हा करायला हवा. १९७० साली त्यांना नोबेल मिळाले, पण आपल्याच गोठलेल्या रेषांच्या कल्पनेवर त्यांनी पुढे कडक टीका केली. रेषा जुळतात ही भाषा त्यांना मान्य नव्हती. बलरेषा ही आपण काढलेली आकृती आहे, खरा असतो तो प्रवाह आणि त्याचे मंडल, असे ते बजावत. त्यांचा इशारा निम्मा तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे. रेषा म्हणजे आकाशात ताणलेले दोर नव्हेत. पण एमआरएक्ससारख्या टाकीत क्षेत्र, प्रवाह आणि व्होल्टेज तिन्ही एकाच जागी मोजले जातात. तिथे रेषांची भाषा वापरा की प्रवाहाची, उत्तर एकच येते.

आणि उत्तरे आली ती अशी. प्लाझ्मा दाट असेल, कण एकमेकांवर वारंवार आदळत असतील, तर स्वीट-पार्कर यांचे सूत्र खरे ठरते. रोधाचे मोजलेले मूल्य, प्लाझ्माचे दबणे आणि बाहेरचा दाब हिशेबात धरले की वेग जुळतो. १९९८ साली हान्ताओ जी, यामादा आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. चाळीस वर्षे कागदावर असलेल्या सूत्राला तेव्हा प्रयोगाचा आधार मिळाला. पण वायू विरळ करत नेला, टकरी कमी झाल्या, की पुनर्जोडणी सूत्रापेक्षा वेगाने होऊ लागते. टकरींमुळे येणाऱ्या रोधाच्या कित्येक पट रोध तिथे असल्यासारखे दिसते. सूर्याच्या प्रभामंडलात आणि पृथ्वीच्या कवचाशी टकरी दुर्मीळच असतात, म्हणून हा दुसरा भाग जास्त मोलाचा.

टकरींशिवाय वेग येतो कुठून? आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वजनातल्या तफावतीतून. हायड्रोजनचा आयन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड. रेषा फुलीपाशी तीव्र वळण घेतात तेव्हा जड आयनांना ते वळण घेता येत नाही. एमआरएक्सच्या प्लाझ्मात पडद्यापासून काही सेंटिमीटर दूर असतानाच ते रेषांपासून सुटतात. हलके इलेक्ट्रॉन रेषांना धरून आणखी आत, मिलिमीटरच्या पट्ट्यापर्यंत जातात आणि मग सुटतात. दोघे वेगळ्या वाटांनी चालले की त्यांच्यातल्या फरकाचा प्रवाह छेदाच्या प्रतलातच वाहू लागतो. अशा प्रवाहाने छेदाला लंब असे नवे क्षेत्र उपजले पाहिजे, आणि तेही ठराविक नक्षीत : फुलीभोवतीच्या चार कोपऱ्यांपैकी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आपल्याकडे येणारे, उरलेल्या दोनांत आपल्यापासून दूर जाणारे. २००५ साली यांग रेन आणि सहकाऱ्यांनी कांड्यांनी ही चार पाकळ्यांची नक्षी टाकीत मोजली. आयन असे दूरवरच सुटत असल्यामुळे बाहेर पडायचे दार अरुंद राहण्याचे कारणच उरत नाही. आयनांसाठी ते सेंटिमीटरांनी मोजावे इतके रुंद होते, आणि प्लाझ्मा आत येण्याचा वेग आल्फव्हेन वेगाच्या एकदशांशाच्या आसपास जातो. ज्वालेच्या मिनिटांना तो पुरेसा आहे.

ऊर्जेची वाटणी कशी होते, हेही याच टाकीत मोजले गेले. २०१४ च्या निष्कर्षानुसार पडद्याच्या परिसरात येणाऱ्या चुंबकीय ऊर्जेपैकी सुमारे निम्मी कणांना मिळते. तिचे दोन तृतीयांश आयनांकडे जातात, एक तृतीयांश इलेक्ट्रॉनांकडे. पुनर्जोडणी करणारे शेवटचे कण इलेक्ट्रॉन असले, तरी मोठा वाटा जड आयनांकडे जातो. मला या सगळ्या कामातले हे सर्वांत अनपेक्षित फळ वाटते.

सगळेच जुळले असे नाही. इलेक्ट्रॉनांच्या आतल्या पट्ट्याची जाडी टाकीत भरली ती द्विमितीय संगणकीय प्रतिमानांनी सांगितलेल्या जाडीच्या तीन ते पाच पट. प्रतिमानात नसलेले काहीतरी, बहुधा तिसऱ्या मितीतले, खऱ्या प्लाझ्मात आहे. आकाशातही आता कांडी पोचली आहे. नासाची एमएमएस ही चार याने मार्च २०१५ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला ती पृथ्वीच्या कवचाच्या सीमेवरच्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यातून गेली. टाकीत मिलिमीटरचा असलेला पट्टा तिथे किलोमीटरचा असतो. पण याने त्यातून एकदा जातात आणि पुढे निघतात. टाकीतला पडदा पुन्हा उभा करता येतो.

दुसरी वाट लेझरची. धातूच्या पातळ पत्र्यावर दोन ठिकाणी शक्तिमान लेझरचे ठोके देतात. प्रत्येक ठिकाणाहून प्लाझ्माचा बुडबुडा फुगतो आणि तापमान व घनता यांच्या उताराच्या दिशा वेगळ्या असल्याने त्याच्याभोवती लाखो गॉसचे क्षेत्र आपोआप तयार होते. दोन बुडबुडे भिडले की त्यांची विरुद्ध क्षेत्रे एकमेकांवर दाबली जातात. इंग्लंडमधल्या रदरफोर्ड अ‍ॅपल्टन प्रयोगशाळेतला असा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. याच्या अगदी शेजारचे काम मुंबईत, तेही कुलाब्यातच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने टेबलावर मावणाऱ्या लेझरने, सेकंदाच्या हजार अब्जाव्या भागापेक्षाही छोट्या ठोक्यांनी, घन पदार्थावर प्लाझ्मा तयार केला आणि त्यातली प्रचंड क्षेत्रे मोजली. मोजणी अशी : पहिल्या ठोक्यामागून दुसरा सौम्य ठोका पाठवायचा आणि परतताना त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण किती वळले ते पाहायचे. दोन ठोक्यांतले अंतर थोडे थोडे वाढवत नेले की क्षेत्र कसे उपजते आणि विरते याची चित्रमालिका मिळते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतले प्रेधिमन कौ आणि अमिता दास यांच्या साथीने २०१२ साली या गटाने दाखवले की हे क्षेत्र विस्कळीत होऊन लहानमोठ्या भोवऱ्यांत मोडते. हा नेमका पुनर्जोडणीचा प्रयोग नव्हे, तो चुंबकीय खळबळीचा आहे. पण खळबळीत जागोजाग विरुद्ध क्षेत्रे एकमेकांवर येतात, म्हणून दोन्ही विषय अलग ठेवता येत नाहीत.

पुढचा प्रश्न आकाराचा आहे. सूर्यावरचा पडदा सेंटिमीटरांचा नसतो, तो हजारो किलोमीटर लांब असतो. २००७ पासूनच्या सैद्धांतिक कामातून, ज्यात नूनो लूरेरो आणि अमिताव भट्टाचार्जी यांचा मोठा वाटा आहे, असे दिसते की लांबी आणि जाडी यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पडदा अखंड राहत नाही. त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांमध्ये बंद वेटोळ्यांची बेटे तयार होतात आणि एका फुलीच्या जागी अनेक फुल्या एकाच वेळी काम करू लागतात. एमआरएक्स यासाठी लहान पडते. म्हणून प्रिन्स्टनमध्येच फ्लेअर नावाचे मोठे यंत्र बांधले गेले, सुमारे तीन मीटर व्यासाच्या टाकीचे. त्यात पडदा इतका लांब ताणता यावा की बेटांची माळ तयार होईल, असा बेत आहे. मग तीच मोजमापे नव्याने घ्यायची आहेत : अनेक फुल्या असतानाही आयनांना दोन तृतीयांशच मिळतात का, आणि काही मोजके इलेक्ट्रॉन इतरांच्या कितीतरी पुढे प्रचंड वेगाने निघून जातात ते या बेटांमधूनच का.